मागे कोणी येतंय का?

ही गोष्ट खोटी निघाली तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल.

पण ती खोटी नाही. शेवटचा भाग मी माझ्या कानांनी ऐकलाय, आणि माझे कान चांगले ठणठणीत आहेत.

आणखी एक सांगते. अमावस्या, रडणारी कुत्री, घुबड वगैरे हवं असेल तर दुसरी गोष्ट शोधा. हे सगळं भर दुपारी घडलं. पावणेतीनच्या सुमाराला. तंजावरात, राजवाड्यामागच्या गल्लीत, गेल्या वर्षी; शेवट जुलैत, बाकी सगळं मे महिन्यात. अग्निनक्षत्राचे, म्हणजे तिकडच्या सगळ्यात कडक उन्हाचे दिवस, रस्त्यावर चिटपाखरू नाही अशी वेळ.

मी विनुता. मूळची तिथलीच, लग्न होऊन पुण्यात आले. आमच्याकडे तीनशे वर्षं घरात मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. मी बाराखडी शिकले ती सासरी आल्यावर, लेकाच्या पहिलीच्या पुस्तकातून. हे लक्षात असू द्या.

अखिला माझी मावस बहीण. वय अठ्ठावीस. ती बस बनवते.

खरीखुरी नाही हो. कॉम्प्युटरवर बस चालवायचा एक गेम असतो. त्यात आपल्या गावची, आपल्या रंगाची बस घालायची तर ती कोणीतरी तयार करावी लागते. तिला मॉड म्हणतात. अखिला ती मॉड करते. हजारो पोरं ती उतरवून घेतात आणि मग ग्रुपवर तक्रारी टाकतात. हॉर्न बारीक आहे, टायर फिरत नाही, अण्णा लवकर दुरुस्त करा.

अण्णा. म्हणजे दादा. बस बनवणारा पुरुषच असणार असं सगळ्यांनी धरलेलं. हिनेही कधी सांगितलं नाही. "अण्णा म्हटलं की तक्रार तरी नीट करतात," म्हणायची.

ही बस मात्र तिने ग्रुपसाठी केली नव्हती. अप्पांसाठी केली होती.

अप्पा म्हणजे तिचे वडील, अनिरुद्धराव. एका खासगी मालकाच्या बसवर ड्रायव्हर होते. तंजावर ते ओरत्तनाडु, मधल्या सगळ्या खेड्यांतून. आमच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली, रावांच्या घरात ड्रायव्हर म्हणून. अप्पांना त्याचं काही नव्हतं. स्टिअरिंगवर बसले की राजे.

आणि मग 2005 साली, एका दिवसात, त्यांनी स्टिअरिंग सोडलं.

का, ते कोणालाच सांगितलं नाही. पुढची सगळी वर्षं त्याच मालकाच्या तिकीट खिडकीवर काढली. बसमध्ये पाय ठेवला नाही. लग्नकार्याला जायचं तरी रिक्षा, नाहीतर पायी.

अखिला तेव्हा नऊ वर्षांची. त्या उन्हाळ्यात तिला मोठा ताप आला होता, इतका की ती सुट्टी तिच्या डोक्यातून पुसूनच गेली. तिला एवढंच आठवायचं, की आधी अप्पा गाणी म्हणायचे, आणि नंतर कधी म्हणाले नाहीत.

म्हणून ही बस. अप्पांना सत्तरावं लागणार होतं. त्या दिवशी टेबलाला स्टिअरिंग लावायचं, त्यांना बसवायचं आणि त्यांचाच रस्ता समोर चालू करायचा. एकदा तरी ते गाणी म्हणायचे तेव्हासारखे दिसावेत, एवढंच तिला हवं होतं.

बस केली ती एका जुन्या फोटोवरून. कोपऱ्यात तारीख छापलेली, 10 मे 2005. बसला हार घातलेला, शेजारी अप्पा. डावा आरसा फुटका, सुतळीने बांधलेला. अखिलाने तोही तसाच केला. फुटक्या काचेचं एक चित्र चिकटवून टाकलं. त्यात काही दिसत नाही. दिसूच शकत नाही.

वाढदिवसाला तीन आठवडे होते. तपासायला म्हणून तिने बस ग्रुपवर टाकली.

पहिली तक्रार भरद्वाज नावाच्या पोराची. कुंभकोणमचा, कॉलेजात शिकणारा.

"अण्णा, बस सूपर. पण डाव्या आरशात काही दिसत नाही."

"खऱ्या बसचा तसाच होता," अखिलाने लिहिलं.

दुसरी तक्रार त्याच दिवशी.

"अण्णा, सातव्या आणि आठव्या स्टॉपच्या मध्ये बस आपोआप थांबते. कालव्याच्या मोरीपाशी, पंपसेटची खोली आहे तिथे. मी ब्रेक दाबत नाही."

अखिलाने फाइल उघडली. सातवा स्टॉप होता. आठवा होता.

मध्ये काहीच नव्हतं...

संध्याकाळपर्यंत तशा एकोणीस तक्रारी आल्या. सगळ्यांची बस तिथेच थांबत होती. गेममधल्या घड्याळात तेव्हा पावणेतीन झालेले असत. एकाने लिहिलं, दारही उघडतं. थोडा वेळ उघडं राहतं. मग बंद होतं.

तिने तेवढा रस्ता पुसून नव्याने घातला. दुसरी आवृत्ती टाकली आणि ग्रुपवर लिहिलं, झालं दुरुस्त.

बस थांबायची बंद झाली.

दोन दिवस सगळं शांत.

तिसऱ्या दिवशी भरद्वाजचा निरोप. "अण्णा, आता थांबत नाही. पण मागून आवाज येतो."

"कसला?"

"कोणीतरी बसच्या पत्र्यावर हात मारतंय. थांबवायला मारतात तसा. दण... दण... दण. तुम्ही घातलाय का? भारी आहे, पण घाबरायला होतं."

अखिलाने बसमध्ये अकरा आवाज घातले होते. तिने एकेक करून सगळे ऐकले. इंजिन, हॉर्न, दार, वायपर.

हाताचा आवाज त्यात नव्हता.

तिने स्वतः बस चालवून पाहिली. दुपारी, पंखा बंद करून, कानाला हेडफोन लावून. सातवा स्टॉप गेला. कालवा आला. पंपसेटची खोली आली...

काहीच झालं नाही.

म्हणजे अगदी काहीच नाही. इंजिनचा आवाजही गेला. टायरचा गेला, वाऱ्याचा गेला. बस पळतेय आणि आवाज शून्य. आठवा स्टॉप दिसला तेव्हा सगळं परत आलं.

ती दहा वेळा गेली. दहाही वेळा तसंच.

"सगळ्या जगाला ऐकू येतं आणि मज ऐकू येत नाही, असा कसा गे बग असेल?" तिने मला फोनवर विचारलं. बग म्हणजे गेममधला बिघाड. मी म्हटलं, कान साफ करून घे. मला तेव्हा चेष्टा सुचत होती.

दुसऱ्या दिवशी भरद्वाजने स्क्रीनचा फोटो पाठवला.

"अण्णा, आरसा दुरुस्त केलात, थँक्स. पण मागे धावणारी ही बाई कोण?"

फुटक्या आरशाच्या तीन तुकड्यांत तीन वेळा तीच बाई दिसत होती. डोक्यावर टोपली. एक हात टोपलीला, दुसरा पुढे केलेला. तोंड उघडं.

अखिलाने आरशाला हात लावला नव्हता. तिने फाइल पुन्हा उघडली. तेच फुटक्या काचेचं चित्र, सपाट, चिकटवलेलं.

फोटो मोठा करून ती बघत बसली, आणि मागे अप्पा कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला घेऊन कधी आले ते तिला कळलंच नाही.

पेला खाली पडला.

"नुंगुवाली," अप्पा म्हणाले.

नुंगु म्हणजे ताडगोळे. आमच्याकडे उन्हाळ्यात रस्तोरस्ती विकतात.

अप्पा जमिनीवरच बसले. सांडलेल्या कापीत. अखिलाची आई, सरोजामावशी, स्वयंपाकघरातून काय पडलं म्हणून ओरडत होती, त्यांनी तिकडे लक्षही दिलं नाही.

"हा फोटो कोठून आणलास?"

अखिलाने सगळं सांगितलं. बस, वाढदिवस, तक्रारी. अप्पा ऐकत राहिले. मग बोलले. एकोणीस वर्षांनी.

त्या मोरीपाशी स्टॉप नव्हता. पण ही बाई रोज तिथे उभी असायची, ओरत्तनाडुच्या बाजाराला जायला. अप्पा तिच्यासाठी थांबायचे. कधी तिला उशीर झाला तर ती बांधावरून धावत यायची आणि पत्र्यावर हात मारायची. अप्पा थांबायचेच.

"नाव काय होतं तिचं?"

"कधी विचारलं नाही गे. ती मला रोज तीन नुंगु द्यायची आणि मी नाव विचारलं नाही."

11 मेला बसला उशीर झाला होता. बस खचाखच. मोरीपाशी ती उभी नव्हती. अप्पांनी वेग कमी केला, आणि मग वाढवला.

"आरशात दिसली मज. मागे धावत होती. मी थांबलो नाही. उशीर झाला होता, म्हटलं पुढची बस धरेल."

बसच्या मागे लॉरी होती.

परत येताना त्यांना कळलं. रस्ताभर ताडगोळे पडले होते.

"पोलिसांनी मज काही विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. म्हणून मीच वंडी सोडली." वंडी म्हणजे गाडी.

"अप्पा, मी होते का त्या दिवशी बसमध्ये? सुट्टीत मी यायची ना तुमच्याबरोबर?"

"नाही," अप्पा लगेच म्हणाले. "त्या दिवशी तू नव्हतीस."

मग उठले. धोतर झटकलं.

"तिथे स्टॉप घाल, अखू. आत्ता घाल."

अखिलाने घातला. वाढदिवसाची वाट न बघता टेबलाला स्टिअरिंग लावलं. अप्पांनी चप्पल काढली. स्टिअरिंगला हात लावून तो डोळ्यांना लावला, पूर्वी रोज लावायचे तसा. आणि बस निघाली.

सातवा स्टॉप. कालवा.

पंपसेटच्या खोलीपाशी अप्पांनी बस थांबवली. दार उघडलं.

"वांगम्मा," ते हळूच म्हणाले. या, बाई.

त्या बसमध्ये माणसं चढायची सोयच अखिलाने केली नव्हती. तरी बस मागच्या बाजूला किंचित खाली बसली. टोपलीसकट माणूस चढला की बसते तेवढी...

अप्पांनी दार लावलं. ओरत्तनाडुपर्यंत चालवली. तिथे पोचल्यावर दार उघडलं, थांबले, आणि मग टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडले. सत्तरीचा माणूस. मावशी दारात उभी राहून पदर तोंडाला लावून बघत होती.

तीच आवृत्ती अखिलाने ग्रुपवरही टाकली, आणि त्यानंतर सगळं थांबलं. हाताचा आवाज नाही, आरशात कोणी नाही. अप्पा रोज दुपारी बस चालवायला लागले. चौथ्या दिवशी तर गुणगुणायला लागले. अखिलाने मला फोन केला तेव्हा ती हसत होती आणि रडतही होती. "अक्का, माझे अप्पा परत आले गे."

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती आनंदाने चार लोकांत सांगितली असती.

आठव्या दिवशी भरद्वाजचा निरोप आला.

"अण्णा, आता सगळं ओके. एकच बग राहिलाय. मोरीच्या थोडं आधी मागच्या सीटवरून एक लहान मुलगी काहीतरी बोलते. तमिळ नाही, तेलुगूही नाही. कोणी नाही अप्पा, असं काहीतरी. ही कोणती भाषा?"

अखिलाने तो निरोप दोनदा वाचला.

मग तिने तो जुना फोटो काढला. 10 मे 2005. फुटका, सुतळीने बांधलेला डावा आरसा. अपघात 11 मेचा.

त्या आरशात अप्पांना काहीही दिसलं नसतं.

तिने फोटोत बसच्या मागच्या खिडकीकडे बघितलं. इतके दिवस तिथे कधी नजर गेली नव्हती. खिडकीत एक चेहरा होता. दोन वेण्या. तिचाच.

आणि तिला आठवलं.

आरसा फुटल्यापासून अप्पांनी तिला काम दिलं होतं. कंडक्टर पुढे तिकिटं फाडत असायचा. ही मागच्या लांब सीटवर, खिडकीशी. मोरी आली की अप्पा मोठ्याने विचारायचे, "अखू, मागे कोणी येतंय का?" मराठीत. सगळ्या बसमध्ये ते फक्त दोघांना कळायचं. तिला काय अभिमान वाटायचा त्याचा! ती काचेतून बघायची आणि ओरडून सांगायची.

नुंगुवाली चढली की टोपली ठेवायला खिडकीची जागा सोडावी लागायची. त्या दिवशी बसमध्ये आधीच श्वास घ्यायला जागा नव्हती. खिडकी गेली असती तर ओरत्तनाडुपर्यंत उभं राहावं लागलं असतं.

बाई बांधावरून धावत येत होती. अखिलाला ती स्पष्ट दिसत होती. बाईलाही अखिला दिसत होती. तिने हात केला.

"अखू, मागे कोणी येतंय का?"

"कोणी नाही, अप्पा."

एवढंच. नऊ वर्षांच्या पोरीला खिडकी हवी होती.

परतताना अप्पांनी तिला सीटवर आडवं केलं होतं. "झोप गे. डोळे उघडू नकोस." त्याच संध्याकाळी तिला ताप भरला.

ती तशीच उठून अप्पांकडे गेली. ते स्टिअरिंग पुसत होते.

"अप्पा, तुम्ही मज विचारलं होतं ना?"

त्यांनी मान वर केली नाही.

"तुज तापात काहीबाही वाटलं असेल ते."

"आरसा फुटका होता, अप्पा."

त्यांनी हातातल्या फडक्याची घडी केली.

"नऊ वर्षांच्या लेकराला मी आरसा केला," ते म्हणाले. "दोष आरशाचा नसतो. वंडी माझी होती. पुन्हा विषय काढू नकोस."

अखिलाने विषय काढला नाही. ग्रुपवरून बस काढून टाकली. घरातली ठेवली, कारण अप्पांची दुपार तिच्याशिवाय जात नव्हती. आणि एक नेम सुरू केला. मोरी आली की अप्पा जुन्या सवयीने विचारत, "अखू, मागे कोणी येतंय का?" आणि ही घरात असेल तिथून, हातातलं काम टाकून ओरडायची, "हो अप्पा, येतंय. थांबा!"

रोज. एकही दिवस चुकवला नाही. "तेवढंच माझ्या हातात आहे, अक्का," म्हणाली.

हे सगळं तिने मला समोर बसवून सांगितलं, मी जुलैत तिकडे गेले तेव्हा. मी तिला जवळ घेतलं. लहान होतीस गे, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला बँकेत जावं लागलं. जाताना मला बजावून गेली, "अक्का, मी वेळेत नाही आले तर तू उत्तर दे. विसरू नकोस."

मावशी शेजारी गेली होती. घरात अप्पा आणि मी. मी फरशीवर आडवी झाले होते, घड्याळावर डोळा ठेवून. अप्पा बस चालवत होते. गुणगुणत होते.

पावणेतीन वाजले.

गुणगुणणं थांबलं.

"अखू, मागे कोणी येतंय का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं...

"कोणी नाही, अप्पा."

माझ्या मागून. आतल्या खोलीतून. लहान मुलीचा आवाज, कंटाळलेला, घाईतला.

मी उठून दारात गेले. खोलीत शिलाई मशीन होतं आणि वाळत घातलेल्या साड्या होत्या. खिडकी बंद होती.

कॉम्प्युटरचा आवाज म्हणाल, तर तो अप्पांच्या समोर होता. माझ्या मागे नाही.

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी ब्रेक दाबलेला होता. बस मोरीपाशी उभी होती, दार उघडं होतं. ते शांतपणे वाट बघत होते. माझ्याकडे वळले नाहीत.

"रोज हेच म्हणते ती, विनू," ते म्हणाले. "आधी ती म्हणते, मग अखू ओरडते. मी आता तिचं ऐकत नाही. थांबतो."

मी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"अखूला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिला वाटतं, ती आता बरोबर उत्तर देते."

मी सांगितलेलं नाही. पुण्याला परत येऊन इतके महिने झाले, अजून दुपारी पावणेतीन वाजले की मी टीव्ही मोठा करते. मागच्या सीटवर बसलेली ती मुलगी कोण, अखिला तर जिवंत आहे, मग तिथे काय राहिलंय, मला काही कळत नाही. पोटात ठेवून ठेवून जीव घाबरा होतो, म्हणून इथे लिहिलं. अखिलाला देवनागरी वाचता येत नाही.

तुमच्यापैकी कोणी तिला भेटलात, तर कृपा करून हे वाचून दाखवू नका.